अस्सल बरहुकूम नक्कल

गेल्या वर्षी मुलीकडे व्हँकुव्हरला दीड महिना मुक्काम होता. रोज सकाळी समुद्राच्या कडेने फिरायला जायचे आणि परतताना एका ठरलेल्या बाकावर बसून नांगरून पडलेली जहाजे मोजायची, एवढाच दिनक्रम होता. एके दिवशी त्या बाकासमोरच एक उघडी गाडी उभी होती. रंग चंदेरी-राखाडी, कापडी टप मागे घडी करून ठेवलेला, दार जेमतेम माझ्या मांडीपर्यंत येणारे, आणि वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीला जसा कुठे कोपरा उरत नाही तशी तिची सगळी काया. पुढची काच इतकी बुटकी आणि मागे झुकलेली होती की ती वारा अडवण्यासाठी नसून वाऱ्याला नमस्कार करण्यासाठी बसवली असावी असे वाटले. ओळख पटायला वेळ लागला नाही. शाळेच्या वयात जुन्या मासिकांतून कापून वहीत चिकटवलेल्या चित्रांत ही गाडी होती: पोर्शे ३५६ स्पीडस्टर. सत्तर वर्षांपूर्वीची वस्तू अशी सकाळच्या उन्हात, दोरखंडाच्या कुंपणाविना, अगदी हाताच्या अंतरावर! मी भराभर तीन छायाचित्रे काढली. गाडीचे मालक शेजारच्याच बाकावर कॉफी पीत बसले होते. हात लावला तर चालेल का, असे मी विचारले, आणि त्यांनी मान हलवताच तळवा डाव्या मडगार्डच्या गोलाईवर ठेवला. पत्रा उन्हाने कोमट झाला होता.

तो पत्रा नव्हताच. ते गृहस्थ उठून आले, वयाने माझ्याहून दहा वर्षे तरी मोठे असतील, आणि मी काही कौतुक करण्याआधीच म्हणाले, "ही पोर्शे नव्हे बरं का. रेप्लिका आहे. याच शहरात बनलेली." आणि बोटांच्या पेरांनी त्यांनी मडगार्डवर दोनदा वाजवून दाखवले. पोलादाचा ठणका नाही, तर फायबरग्लासचा डब, डब असा बसका आवाज आला.

माझा हात आपसूक मागे आला.

ते त्यांनी पाहिले. रागावले नाहीत, उलट किंचित हसले. हा हात मागे येताना त्यांनी यापूर्वी बऱ्याच वेळा पाहिला असणार. मी काहीतरी सावरासावर करणारे बोललो, फार सुंदर काम आहे वगैरे, आणि निघालो. पण दिवसभर तो हात मनातून जाईना. गोलाई तीच होती, ऊन तेच होते, तळव्याला लागलेली ऊबही तीच. मग मधल्या त्या चार शब्दांत नेमके काय हरवले? बरे, त्या शब्दांनंतर मी चौथे छायाचित्र काढले नाही, हेही घरी आल्यावर लक्षात आले. आधीची तीन छायाचित्रे मोठी करकरून पाहिली, तरी त्यांत खोटे असे काहीच सापडले नाही.

रात्री झोप लागत नव्हती तेव्हा एक जुना कागद आठवला. वडिलांच्या ट्रंकेत जागेच्या खरेदीखताची एक प्रत होती, जाड पिवळसर कागदावर वळणदार अक्षरांत उतरवलेली. तिच्या शेवटी कुणा कारकुनाच्या सहीच्या वर लिहिले होते, 'अस्सल बरहुकूम नक्कल', म्हणजे मुळाप्रमाणे तंतोतंत उतरवलेली प्रत. लहानपणी मला त्या तीन शब्दांची गंमत वाटायची, कारण पहिला आणि शेवटचा शब्द एकमेकांशी भांडत आहेत आणि मधला त्यांच्यात तडजोड करतो आहे असे वाटे. मूळ खत कधीच गहाळ झाले होते, त्यामुळे आमच्या घरात त्या नकलेलाच मान होता, आणि तो मान तिला मिळाला होता तो मी नक्कल आहे हे तिने स्वतःच्या अंगावर लिहून ठेवल्यामुळे. आपल्या भाषेने यातला फरक फार पूर्वीच ओळखला आहे. जो दुसऱ्याचे रूप घेऊन ते आपलेच म्हणून मिरवतो त्याच्यासाठी आपल्याकडे तोतया हा शब्द आहे. पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या नावाने जो उभा राहिला तो तोतया होता, त्याला कुणी नक्कल म्हटले नाही. त्या गृहस्थांची गाडी तोतया नव्हती. तिने, म्हणजे तिच्या वतीने त्यांनी, न विचारताच खरे सांगितले होते. आणि तरीही मी हात काढला होता.

'याच शहरात बनलेली' या शब्दांचा माग काढत मी त्या कारखान्याचा इतिहास वाचू लागलो आणि त्यात पुरता गुंतलो. नाव इंटरमेकानिका; ऐकायला इटालियन, आणि सुरुवातही इटलीतलीच. हंगेरीत जन्मलेले, कॅनडात वाढलेले आणि रसायन अभियांत्रिकी शिकलेले फ्रँक राइसनर यांनी पत्नी पॉला यांच्यासह १९५९ मध्ये तुरीन शहरात हा उद्योग काढला. तुरीन म्हणजे त्या काळी पत्रा ठोकणाऱ्यांची पंढरी. लाकडी ठोकळ्यांवर हातोडीने पत्र्याला गोलाई देणारे कारागीर तिथे गल्लोगल्ली होते, आणि नकाशावरची रेघ त्यांच्या हाती दिली की काही आठवड्यांत तिची गाडी होत असे. राइसनर यांनी आधी लहान गाड्यांचा वेग वाढवणारे सुटे भाग विकले, शर्यतीच्या गाड्या केल्या, ऑस्ट्रियातल्या श्टायर-पुख कंपनीच्या यंत्रणेवर बेतलेली इम्प नावाची इवलीशी गाडी केली. मग अमेरिकेतल्या ओकलंडहून काही तरुण आले. त्यांना युरोपी देहात अमेरिकी इंजिन घालायचे होते. त्यातून अपोलो जन्मली: बॉडी तुरीनमध्ये हाताने ठोकायची, जहाजाने कॅलिफोर्नियाला पाठवायची आणि तिथे तिच्यात ब्यूइकचे साडेतीन लिटरचे अॅल्युमिनियमचे व्ही-८ इंजिन बसवायचे. तिच्या रेषांवर शेवटचा हात फिरवला तो फ्रँको स्काल्योने यांनी, ज्यांनी अल्फा रोमिओची ३३ स्त्रादाले रेखाटली. अपोलोचे फोटो मी पाहिले आणि खरे सांगायचे तर माझा श्वास अडकला. लांब नाक, मागे उतरत गेलेले छप्पर, कुठेही उगाच केलेला दागिना नाही. अशा गाड्यांची संख्या शंभरावरही गेली नाही, कारण ओकलंडच्या मंडळींचे पैसे संपले.

पुढची गोष्ट याच चालीवर पुन:पुन्हा घडते, आणि वाचणाऱ्याला ती आधी रंजक, मग दुःखद आणि शेवटी जवळपास ओळखीची वाटू लागते. दुसऱ्या एका अमेरिकी उद्योजकासाठी बॉडी केल्या. तो उद्योजक बुडाला. त्याच गाडीतून स्वतःची तोरिनो काढली. ते नाव फोर्डला हवे होते म्हणून तिचे नामकरण इटालिया असे करावे लागले, आणि तिच्यातले इंजिनही फोर्डचेच होते. १९७१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात इंद्रा मांडली. आपल्या देवाचे नाव त्या गाडीला कसे मिळाले असेल याचे मला अप्रूप वाटले, परंतु तिचे बळ मात्र ओपेलच्या, म्हणजे पर्यायाने जनरल मोटर्सच्या भागांवर होते. त्या बड्या कंपनीने पुरवठ्याचा हात आखडता घेतला आणि इंद्राचे आसन डळमळले. सगळे देह अस्सल, सगळ्या रेषा स्वतःच्या, पण प्रत्येकीचे हृदय उसने. इंजिन कुणाचे, भांडवल कुणाचे, विक्रेता समुद्रापलीकडचा, आणि या तिघांपैकी एकाने जरी मान फिरवली तरी तुरीनमधल्या हातोड्या थांबत.

त्याच धामधुमीत एक किरकोळ वाटणारे काम त्यांनी अंगावर घेतले होते. एका अमेरिकी विक्रेत्यासाठी १९३० च्या दशकातल्या जग्वार एसएस १०० ची प्रतिकृती, स्क्वायर या नावाने, तुरीनमध्येच बनवली. मोठाले दिवे, वाहते मडगार्ड, आणि बॉनेटखाली फोर्डचे सहा सिलिंडरांचे इंजिन. दुसऱ्याची रेष गिरवण्याचा हा पहिला अनुभव. ज्या माणसाने स्काल्योनेंच्या शेजारी उभे राहून नवी वळणे जन्माला येताना पाहिली होती, त्याला हे काम करताना काय वाटले असेल? मी खूप शोधले आणि मग शोधायचे सोडले. कारागिरांचे पगार भागले असतील, एवढे तरी नक्की वाटले असेल.

१९७५ मध्ये राइसनर कुटुंबाने तुरीन सोडले आणि ते कॅलिफोर्नियाला गेले. तिथे, एका भागीदाराबरोबर, पोर्शे स्पीडस्टरची प्रतिकृती सुरू झाली. तिचा पाया होता फोक्सवॅगन बीटल. बीटलच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर २४०० मिलिमीटर, तर ३५६ चे २१००. तेव्हा जुन्या बीटलचा वरचा देह उतरवायचा, खालच्या तळपत्र्यातून मधोमध ३० सेंटिमीटरांची पट्टी कापून काढायची, दोन्ही तुकडे पुन्हा सांधायचे, आणि वर स्पीडस्टरच्या आकाराची फायबरग्लासची बॉडी ठेवायची, की झाली गाडी. मागे तेच हवेने थंड होणारे चार सिलिंडरांचे इंजिन, शिवणयंत्रासारखी तीच टकटक.

इथे नियतीने केलेली एक थट्टा सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिस्नीने एक विनोदी चित्रपट काढला होता, ज्यात त्रेपन्न नंबरची एक पांढरी बीटल शर्यतीत भल्याभल्यांना धूळ चारते. त्या चित्रपटातल्या खलनायकाच्या दिमतीला एक देखणी पिवळी गाडी आहे. ती गाडी म्हणजे अपोलो. तुरीनच्या हातोड्यांनी घडवलेली, स्काल्योनेंचा हात फिरलेली तीच अपोलो पडद्यावर बीटलकडून हरते आणि प्रेक्षक टाळ्या पिटतात. पुढे सात-आठ वर्षांनी तिच्या निर्मात्याचे घर चालले ते बीटलच्याच तळपत्र्यावर.

राइसनर १९८२ मध्ये व्हँकुव्हरला आले आणि तिथेच स्थिरावले. लवकरच त्यांनी कापलेल्या बीटलवर विसंबणे सोडून पोलादी नळ्यांची स्वतःची चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, बनवली, आणि पुढे ज्यांना परवडे त्यांच्यासाठी पोर्शे ९११ चे सहा सिलिंडरांचे इंजिन बसवण्याचीही सोय केली. नंतर ३५६ च्या उंच काचेच्या रोडस्टरची, तसेच दुसऱ्या महायुद्धातल्या क्युबेलवागन या लष्करी गाडीचीही प्रतिकृती निघाली. एकेक गिऱ्हाईक यायचे, आसनाचे कातडे, रंग, इंजिन ठरवायचे, आणि त्याप्रमाणे एकेक गाडी उभी राहायची. मोजके कामगार, मोजक्या गाड्या. ज्याचे अस्सल एकामागून एक बुडाले, त्याला नकलेने तारले. २००१ मध्ये फ्रँक गेले आणि मुलगा हेन्री याने धुरा घेतली.

आता अस्सल म्हणजे काय, हेही नीट पाहायला हवे, असे मला वाटू लागले, कारण ज्या गाडीसाठी मी हात पुढे केला होता तिची स्वतःची वंशावळ तरी कुठे सोवळी आहे? पोर्शेच्या नावाची पहिली गाडी १९४८ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावी तयार झाली ती फोक्सवॅगनचेच भाग घेऊन. ३५६ ची बॉडी रेखाटणारे एर्विन कोमेंडा यांचा बीटलच्या आकारातही मोठा वाटा होता. आणि स्पीडस्टर? ती तर कुणा कलावंताचे स्वप्न नव्हतीच. न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन यांनी धोशा लावला की कॅलिफोर्नियाच्या उन्हात फिरणाऱ्या तरुणांना परवडेल अशी स्वस्त उघडी गाडी द्या. म्हणून १९५४ मध्ये पोर्शेने वरखाली होणाऱ्या काचा काढून टाकल्या, आसने हलकी केली, टपाचे अस्तर वगळले, पुढची काच छाटली, आणि किंमत २,९९५ डॉलर ठेवली. ज्या झुकलेल्या बुटक्या काचेवर मी भाळलो ती काटकसरीची निशाणी होती. पावसात ती गाडी गळायची. १९५८ पर्यंत चार हजारांहून थोड्या अधिक निघाल्या आणि तिच्या जागी उंच काचेची, जरा सुखाची गाडी आली. गरिबाघरची म्हणून जन्मलेली ती आज लिलावात लाखो डॉलरांना जाते आणि बहुधा बंद गॅरेजात झाकून ठेवली जाते, म्हणजे आता तिच्यावर ऊनही पडत नाही.

कंपन्यांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. फेरारीने आपल्या आकारांच्या प्रतिकृती करणाऱ्या एका अमेरिकी निर्मात्यावर खटला भरला, आणि १९९१ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने निकाल फेरारीच्या बाजूने दिला: आकार हीच ओळख आहे, बिल्ला लावला नाही म्हणून सुटका नाही. उलट जग्वारने १९६३ मध्ये शर्यतीसाठी हलक्या वजनाच्या १८ ई-टाइप करायचे ठरवून प्रत्यक्षात १२ च केल्या होत्या, त्यांतले उरलेले ६ क्रमांक पन्नास वर्षांनी काढून २०१४ मध्ये त्याच क्रमांकांच्या सहा नव्याकोऱ्या गाड्या स्वतःच बनवल्या. त्यांना अस्सल म्हणायचे की नक्कल? बनवणारे हात वेगळे, यंत्रे वेगळी, काळ वेगळा. सारखे आहे ते फक्त रजिस्टरमधले नाव. आमच्या खरेदीखतावर सही करणारा कारकून असता तर तोही बुचकळ्यात पडला असता.

फायबरग्लासचे काम मी एकदा जवळून पाहिले आहे. गाडीचे नव्हे, होडीचे. एका ओळखीच्या माणसाबरोबर मी दिवसभर त्या छपराखाली बसून होतो. साच्याला आतून मेण लावून घासत राहतात, इतके की त्यात तोंड दिसावे. मग रंगीत जेलकोटचा पहिला हात. तो चिकटसर झाला की काचेच्या धाग्यांची पांढरी चटई अंथरायची आणि वर रेझिन ओतून खाचांच्या छोट्या रुळांनी दाबत, रेटत, आतला हवेचा एकेक बुडबुडा हुसकून लावायचा. रेझिन स्वतःच्याच उष्णतेने तापते. हात जवळ नेला तर कळते. त्याचा वास गोडसर, डोक्यात जाणारा, आणि धुतलेल्या सदऱ्यालाही दोन दिवस न सोडणारा. काचेची कुसळे मनगटाला खाजत राहतात. संध्याकाळी लाकडी पाचरी ठोकून साचा सोडवला तेव्हा 'चर्र' असा आवाज झाला आणि आतून एक तकतकीत देह बाहेर आला. कामगाराने त्यावर ओठ दाबून नजर फिरवली, एका जागी थांबला, आणि नखाने खरडून मान हलवली. त्या जागी बुडबुडा राहिला होता. दुसऱ्या दिवशी तेवढा भाग घासून पुन्हा भरायचा होता.

ते आठवले आणि वाटले, की साचा मूळ गाडीवरून घेतात तेव्हा तिच्या पत्र्यावर पूर्वी कधी डागडुजी झाली असेल, एखादी गोलाई तसूभर बसकी झाली असेल, तर ती चूकही साच्यात उतरणार आणि पुढच्या प्रत्येक देहात पुन्हा जन्मणार. चांगल्या नकलनविसाची कसोटी इथेच लागते. डोळे मिटून उतरवणारा चूकही उतरवतो. जाणता हात साच्यातच ती दुरुस्त करतो, आणि त्या क्षणी, अगदी तसूभर का होईना, तो नक्कल करायचे थांबवतो. राइसनर यांनी बीटलचा पाया टाकून स्वतःची चासी केली ती मला याच जातीची गोष्ट वाटते. वरची रेष कोमेंडांची, पण तिला उचलून धरणारा सांगाडा त्यांचा.

तरीही मी नक्कल आणि अस्सल एकाच पारड्यात घालणार नाही. पहिल्यांदा एखादे वळण काढताना ते जमेल की हसे होईल हे कुणालाच ठाऊक नसते. ती धास्ती दुसऱ्यांदा काढणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. राइसनर यांनी ती धास्ती पंधरा-सोळा वर्षे सोसली होती, तिची किंमतही मोजली होती, आणि मग ती बाजूला ठेवली. ती पूर्णपणे बाजूला पडली मात्र नाही. हेन्री राइसनर यांनी एका सहकाऱ्याबरोबर २०१५ मध्ये इलेक्ट्रा मेकानिका ही विजेवरच्या गाड्यांची कंपनी काढली, आणि २०१७ मध्ये तिने इंटरमेकानिकालाच पोटात घेतले. सोलो या नावाची तीन चाकांची, एकट्याने बसायची, कुणाचीच नक्कल नसलेली गाडी रस्त्यावर आली. चालता चालता तिची शक्ती जाऊ शकते असे निघाले, तेव्हा २०२३ मध्ये विकलेल्या सगळ्या ४२९ गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. पुन्हा अस्सल, पुन्हा तेच. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. रात्रीचे दोन वाजले होते.

मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यात ते गृहस्थ पुन्हा दिसले. बारीक पाऊस होता, टप चढवलेला होता आणि टपाच्या कडेने आत आलेले पाणी ते एका फडक्याने टिपत होते. गळती बरहुकूम आहे, असे मी म्हणालो. बरहुकूमला इंग्रजीत काय म्हणायचे ते सुचले नाही, पण त्यांना अर्थ कळला असावा, कारण ते मोठ्याने हसले. मी इंजिन पाहू का, असे विचारले. त्यांनी मागचे झाकण उघडले आणि आत वाकून किल्ली फिरवली. टकटक सुरू झाली, गरम तेलाचा आणि ओल्या रबराचा वास वर आला. झाकणाखाली एका बाजूला धातूची छोटी पट्टी होती. तिच्यावर पोर्शे हे नाव नव्हते, ज्याने गाडी बनवली त्याचे होते, आणि खाली क्रमांक. मी चौथे छायाचित्र त्या पट्टीचे काढले. ते थोडे हलले आहे, कारण दुसरा हात मडगार्डवर टेकवलेला होता आणि इंजिन चालू होते.